आधी स्लॅब, मग एसी

आमच्या घरात सगळ्यात जास्त उकडायचं ते दुपारी दोनला नव्हे, रात्री नऊला. कोल्हापुरात राहणाऱ्याला यातली गंमत कळेल. एप्रिलात दुपारी पारा ३८-३९ वर जातो, पण ऊन कललं की घाटाकडून वारा सुटतो आणि रंकाळ्यावर भेळ खायला बसलेल्या माणसाला दुपारची आठवणही राहत नाही. रात्री बाहेर २३-२४. आणि त्याच वेळी साने गुरुजी वसाहतीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब असलेल्या खोल्यांत, उशी पालथी करून करून तिच्या दोन्ही बाजू गरम व्हायच्या. पंखा पाचवर ठेवला तर छताजवळची गरम हवा तेवढी अंगावर यायची.

शिवाजी पेठेतल्या सासरच्या जुन्या घरात हे कधी नव्हतं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर कौलं, कौलांखाली पोटमाळा. ऊन कौलं तापवायचं, पण ती धग माळ्यावरच्या शेंगांच्या पोत्यांपाशी थांबायची आणि कौलांच्या फटींतून निघून जायची. भर दुपारी सोप्यात घोंगडं टाकून झोपता यायचं. मग वाटण्या झाल्या, आम्ही इकडं स्लॅबचं घर बांधलं. खाली दीर-जाऊ, वर आम्ही. स्लॅबला माळा नसतो आणि फटीही नसतात.

मी पतसंस्थेत काम करते, त्यामुळं आकडे बघायची सवय आहे. उन्हाळ्याच्या आधीच्या महिन्यांत आमचं बिल सव्वाशे-दीडशे युनिटांचं, आणि मे महिन्याचं तीनशेच्या काठावर. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे असतात. शंभराच्या पुढच्या युनिटाचा वीज आकार पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या साधारण दुप्पट पडतो, आणि तीनशे ओलांडलं की आणखी वरचा दर. त्यावर वहन आकार, आणि सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे उन्हाळ्यात वाढलेलं प्रत्येक युनिट महागाच्या टप्प्यातलं असतं, आणि वाचवलेलं प्रत्येक युनिटही तिथूनच कमी होतं. हे एकदा नीट कळलं की दहा युनिटांचाही विचार करावासा वाटतो.

तरीही आमचा पहिला विचार एसीचाच होता, कारण आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, रक्तदाबाचा त्रास आणि त्यांची रात्रीची झोप उडालेली. शाहूपुरीतल्या एका दुकानात गेलो. खोली दहा बाय बारा. दुकानदारानं विचारलं, "वर काय हाय? दुसरा मजला का गच्ची?" गच्ची म्हटल्यावर म्हणाला, "मग एक टनाचं नाव काढू नका. दीड घ्या, जमलं तर दोन." तो खोटं बोलत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या खोलीला जास्त टनाचा एसी लागतो, हे सगळेच सांगतात. पण खोली तीच, माणूस एकच, आणि निव्वळ वरचा स्लॅब तापतो म्हणून मशीन दीडपट-दुप्पट घ्यायचं, वीजही तेवढी जाळायची? खालून जाळ तसाच ठेवून वरून फुंकर घालण्यातला प्रकार. त्या दिवशी एसी घेतला नाही.

नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. तिथं लांबून तापमान मोजायची एक गन असते, बटण दाबलं की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान आकड्यात दिसतं. ती त्यानं शनिवारी घरी आणली. दुपारी दोनला गच्चीचा सिमेंटचा पृष्ठभाग ५९. त्याच वेळी आतून छत ३६. संध्याकाळी सातला गच्ची ४१ वर आली होती आणि आतलं छत चढून ४० वर गेलं होतं. पाच इंची काँक्रीटमधून दुपारचं ऊन आत उतरायला चार-पाच तास घेतं, आणि ते उतरतं नेमकं आपण जेवून आडवं व्हायच्या वेळेला. पश्चिमेची भिंतही तशीच, फक्त जरा कमी. पूर्वेची आणि उत्तरेची भिंत गार. आणि दक्षिणेची भिंत, जिला आम्ही वर्षानुवर्षं दोष देत होतो, तीही गारच.

दक्षिणेचं कोडं धाकट्यानं सोडवलं, शाळेत शून्य सावलीचा दिवस केला होता म्हणून. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ६ तारखेच्या आसपास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायातच नाहीशी होते. त्यानंतर तो उत्तरेकडं सरकतो. त्यामुळं ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. ते तिथं थंडीत पडतं, जेव्हा ते हवंच असतं. उन्हाळ्याचा मारा दोन ठिकाणी: माथ्यावर, आणि दुपारी तीननंतर पश्चिमेला. दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे शिवायचा माझा बेत तिथंच रद्द झाला.

माथ्याचं काय करायचं यावर घरात मतं पडली. आमच्या ओळखीचे गवंडीमामा म्हणाले, "वैनी, इचार कशाला करताय? पत्र्याचं शेड मारून टाका, कंडका पडला." वसाहतीत निम्म्या गच्च्यांवर ही निळी-लाल शेड आहेत. त्यानं फरक पडतो हे खरं, कारण ऊन पत्र्यावर थांबतं आणि खालून वारा वाहतो. पण खर्च मोठा, वादळी वळवात पत्रे उडायची भीती, आणि गच्चीवरचं आभाळ कायमचं जातं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं आमच्याकडं अजून चालतं, ते मला घालवायचं नव्हतं. चायना चिप्स, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवणं, टिकाऊ. पण स्लॅबवर वजन आणि खिशावरही. पीओपीचं फॉल्स सीलिंग कुणीतरी सुचवलं. ते केलं तरी स्लॅब तापायचा तो तापणारच, आणि आधीच नऊ फुटांवर असलेलं छत आणखी खाली येणार. जाऊबाईंच्या माहेरी, पन्हाळ्याच्या बाजूला, गोठ्यावर उसाचा पाला पसरतात. गुरांना त्याखाली खरंच गारवा मिळतो, पण गावात घरांच्या गर्दीत, दिवाळीच्या फटाक्यांत, गच्चीवर वाळका पाला ठेवायची कुणाची हिंमत नाही.

राहिला पांढरा रंग. दुकानात उष्णता परतवणारे तयार रंग मिळतात, चांगले असतात, तीन-चार वर्षं टिकतात असं विकणारे सांगतात. आमच्या साधारण सातशे चौरस फुटांना मजुरीसकट बारा-तेरा हजारांचा अंदाज आला. चुन्याचा हिशोब तीन हजारांच्या आत बसत होता. नवऱ्याला चुना म्हणजे गरिबाघरचा उपाय वाटत होता. त्याला मी सांगितलं की अहमदाबाद महापालिकेनं २०१३ साली उष्णतेचा आराखडा केला आणि पुढं वस्त्यांमधल्या छपरांना पांढरं फासायची मोहीमच काढली. तेलंगणानं तर २०२३ साली गार छपरांचं सरकारी धोरण आणलं. चांदीच्या रंगाचा मुद्दा त्यानं काढला, की पत्र्याला मारतात तो चकचकीत रंग का नको? त्याचं उत्तर त्याच्याच गननं दिलं असतं, पण चकचकीत धातूवर ती गन चुकीचं दाखवते हे त्यालाच माहीत आहे. चकचकीत धातू ऊन परतवतो, पण जेवढं आत घेतो ती उष्णता सहज बाहेर टाकत नाही. चुना दोन्ही करतो: ऊन परतवतो, आणि जी थोडी धग घेतो ती रात्री आभाळाकडं टाकूनही देतो.

होळीच्या आधीचा आठवडा धरला. यातलं काम रंगाचं कमी आणि तयारीचं जास्त आहे. पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळं होऊन स्लॅबला चिकटलेलं असतं, ते तारेच्या ब्रशनं खरवडून काढावं लागतं. वर गळीत हंगामात वाऱ्याबरोबर येणारी बारीक काजळी. तीन वेळा धुतलं तेव्हा पाणी स्वच्छ जायला लागलं. भेगा होत्या त्या मामांनी सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगच्या रसायनानं बुजवल्या आणि दोन दिवस सुकू दिल्या. भेगेवर नुसता चुना फासला तर पावसाळ्यात गळती तिथूनच, आणि बोल मात्र चुन्याला.

चुना कळीचा आणला. तो विरवायचं काम लहान पोरांसमोर करू नये. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना, उलटं कधीच नाही. पाणी अक्षरशः उकळतं. मामांनी हातमोजे घातले नव्हते, ते मी घालायला लावले, डोळ्यांवर वर्कशॉपमधला गॉगलही. चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर पुढचं सगळं दवाखान्यात. रात्रभर मुरू दिला, सकाळी गाळून घेतला, दुधाइतका पातळ केला. त्यात थोडा पांढरा सिमेंट आणि सुतारकामाचं पांढरं चिकटद्रव्य, म्हणजे पायाला पांढरं लागत नाही. आत्यांनी "आमच्या वेळी गूळ घालायचे" असं सांगितलं. जुन्या बांधकामाच्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालायचे हे खरंय, आणि गुळाच्या गावात ते सुचणारच. पण गच्चीवर गूळ म्हटल्यावर मला आधी मुंग्या दिसल्या.

लावायची वेळ संध्याकाळची. कारण असं की चुना रंगासारखा नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्याला ओल लागते. भर उन्हात लावला तर पाणी उडून जातं आणि खाली राहते ती पांढरी भुकटी, हात फिरवला की हाताला येणारी. म्हणून आधी स्लॅब पाण्यानं ओला केला, मग पहिला हात पूर्व-पश्चिम, दुसऱ्या संध्याकाळी दुसरा हात उत्तर-दक्षिण, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात पातळ. लावताना तो पारदर्शक दिसतो आणि मामा तेव्हाही म्हणाले, "ह्यात काय राम न्हाई." सकाळी उठून बघितलं तर गच्ची पांढरीशुभ्र. रोज सकाळी ऊन चढायच्या आत त्यावर थोडं पाणी शिंपडलं, चार-पाच दिवस. समोरच्या काकूंनी दुपारी डोळ्यांवर तिरीप येते अशी तक्रार केली. त्यांच्या बाजूच्या कठड्याला आतून आम्ही पांढरं न देता तसंच ठेवलं, तेवढ्यानं भागलं.

एप्रिलच्या मध्याला, आधीच्या वर्षीसारखंच तापलेल्या एका दिवशी, पुन्हा गन. दुपारी दोनला गच्ची ४३. संध्याकाळी सातला आतलं छत ३४. हवेच्या तापमानात एवढा मोठा फरक पडत नाही, खोलीतला पारा दोन-तीन अंशांनीच खाली आला. पण छतावरून अंगावर उतरणारी धग गेली, आणि झोपेच्या दृष्टीनं खरी गोष्ट ती होती. आत्यांनी दोन रात्रींनंतर विचारलं, "पंखा नवा घातलायस काय गं?" पंखा जुनाच होता.

चुन्याचा तोटाही आहे. आपल्याकडचा पावसाळा तो बराचसा धुऊन नेतो, धूळ बसली की पांढरेपणा कमी होतो, त्यामुळं दरवर्षी होळीच्या आधी एक हात द्यावाच लागतो. दुसऱ्या वर्षी खरवडणं कमी असल्यानं अर्ध्या खर्चात आणि दोन संध्याकाळींत झालं. ज्यांना दरवर्षीची ही कटकट नको त्यांनी तयार रंग घ्यावा, त्यात काही चूक नाही.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यानं गार होतं, खोटं नाही. एक लिटर पाणी पूर्ण वाफ होऊन जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता घेऊन जातं. पण उन्हाळ्यात नळाचं पाणी गच्चीवर ओतणं मला पटत नाही, आणि स्लॅबमध्ये कुठं बारीक भेग असेल तर ते पाणी ती शोधून काढतंच. कपडे धुतलेलं शेवटचं पाणी मात्र आम्ही कधीकधी वर नेतो.

पश्चिमेची बाजू यानंतर. तिकडं हॉलची मोठी काचेची खिडकी आहे. वर छज्जा आहे, पण चारनंतर सूर्य इतका खाली असतो की छज्ज्याचा उपयोग शून्य. आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आधीच आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि घरातच धग सोडतो. ऊन काचेच्या बाहेर अडवलं पाहिजे. शेतीच्या दुकानात ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट मिळते, नर्सरीवाले वापरतात ती. नवऱ्यानं छज्ज्याच्या कडेला पाइप बसवून ती खिडकीपासून वीतभर पुढं सोडली, खाली दोरीनं बांधली. पावसाळ्यात गुंडाळून ठेवतो. वारा येतो, ऊन गाळून येतं, बाहेरचं दिसतंही. बांबूची चिक जास्त छान दिसते, पण पहिल्या वळवाच्या वाऱ्यातच तिच्या काड्या मोकळ्या झालेल्या मी एका घरी बघितल्या आहेत.

भिंतीसाठी मधुमालतीचा वेल लावला, भिंतीला चिकटून नाही, पुढं जाळी उभी करून. दोन वर्षांत त्यानं निम्मी भिंत झाकली. शेवगा लावायचा माझा विचार होता, भराभर वाढतो आणि सावली पातळ देतो. आत्यांनी "शेवगा दारात नको" म्हणून तो मोडून काढला. त्याच्या फांद्या वाऱ्यात कडाकड मोडतात आणि खाली दिरांची गाडी असते, त्यामुळं मीही फार ताणलं नाही.

आता खिडक्यांचं. सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच, पण घरात सगळ्यात जास्त वाद हिच्यावरच झाले. नियम साधा: बाहेर घरापेक्षा गार असेल तेव्हा सगळं उघडं, घरापेक्षा गरम असेल तेव्हा सगळं बंद. आमच्याकडं सकाळी नऊला बंद, संध्याकाळी सातच्या सुमाराला उघडं. आत्यांना बंद खिडकीत कोंडल्यासारखं वाटायचं. "उन्हाळ्यात खिडक्या लावून कोण बसतं?" त्यांचं म्हणणं दोन खोल्यांना दोन साधे तापमापक टांगल्यावर मिटलं: बंद केलेल्या हॉलमध्ये दुपारी ३२, त्यांच्या उघड्या खोलीत ३६. पण दुपारी तासभर त्यांच्या खोलीची एक फट उघडी राहते, त्याला मी काही म्हणत नाही.

रात्रीचा वारा आत यायला जसा रस्ता लागतो, तसा गरम हवेला बाहेर जायलाही लागतो. आमचा जिना वर गच्चीच्या दाराशी संपतो. ते दार रात्री बंद असल्यानं घरातली सगळी गरम हवा जिन्याच्या माथ्याशी जमून बसायची. नवऱ्यानं वर्कशॉपशेजारच्या फॅब्रिकेटरकडून जाळीचं लोखंडी दार करून घेतलं, कुलूप लागणारं, डासांची जाळी मारलेलं. आता लाकडी दार उघडं आणि जाळीचं बंद. पश्चिमेच्या खिडकीतून आलेला वारा हॉलमधून जिन्यात शिरतो आणि वर निघून जातो. उदबत्ती धरून बघितलं तर धूर सरळ जिन्याकडं वळतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट झोपायच्या आधी तासभर चालू ठेवला की काम आणखी लवकर होतं. स्लायडिंग खिडक्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दिसायला मोठ्या, पण उघडतात निम्म्याच. पुन्हा घर बांधायची वेळ आली तर जुन्या पद्धतीच्या झडपांच्या खिडक्या करीन.

पहिला उन्हाळा एवढ्यावर निघाला. मे महिन्याचं बिल अडीचशेच्या खाली आलं, मुख्यतः कूलर कमी लागला म्हणून. कूलरबद्दल थोडं: मार्च-एप्रिलात हवा कोरडी असते तोवर तो चांगला गारवा देतो, वीजही दीडशे-दोनशे वॅटच. पण त्याला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर घर दमट होऊन जातं. आणि मेमध्ये वळवाचे ढग यायला लागले की हवेतच ओल असते, मग कूलर म्हणजे आवाज करणारा पंखा. पुण्या-सोलापूरकडचे नातेवाईक कूलरचं जेवढं कौतुक करतात तेवढा तो इथं शेवटपर्यंत पुरत नाही.

पंख्यांचं काम दुसऱ्या वर्षी केलं. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, पूर्ण वेगात ३० च्या आसपास. उन्हाळ्यात आमचे पंखे दिवसाला चौदा तास तरी फिरतात, म्हणजे एका पंख्यामागं महिन्याला १९ युनिटांच्या आसपास बचत, चार पंखे बदलले तर पंचाहत्तर. सगळी वरच्या टप्प्यातली. वायरमन म्हणाला, जुना रेग्युलेटर काढा, बीएलडीसी त्याच्याबरोबर नीट चालत नाही, रिमोटवरच वेग कमी-जास्त करा. त्यातून एक जुनी समजूतही तुटली: ते गरम होणारे मोठे जुने रेग्युलेटर असतात, त्यांच्यावर पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही, उरलेली रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन जाते. बाकी पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बघितला की मी आता बंद करते, घरचे मला पतसंस्थेची वसुली म्हणतात.

आणि मग एसी. हो, घेतला. आत्यांच्या खोलीत, एक टनाचा, इन्व्हर्टरवाला, पाच स्टारचा. त्याच दुकानात गेलो, स्लॅबला पांढरं केलंय, पश्चिमेला झाकलंय असं सांगितलं. दुकानदार थोडा साशंक होता, पण दहा बाय बाराला एक टन पुरला. एसी चालू केला की २४ वर सुरू होतो. स्टार रेटिंगच्या एसींना २०२० पासून तसं बंधनच आहे. आम्ही तो २६ वर ठेवतो आणि वर पंखा एकवर. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. रात्री दहाला लावतो आणि दोनला टायमरनं बंद होतो, कारण दोननंतर कोल्हापूरची हवाच पुरेशी गार असते. आत्या मध्येच उठून खिडकी उघडतात. एसी धरूनही गेल्या मे महिन्यात बिल दोनशे युनिटांच्या आसपास आलं.

स्वयंपाकघरात फार काही केलं नाही. भाकरी आणि भाजी सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी फक्त भात आणि आमटी. फ्रीज भिंतीपासून थोडा पुढं ओढला आणि त्याच्या दाराचं सैल रबर बदललं. मागची जाळी जी उष्णता टाकते ती घरातच टाकते, हे आपण विसरतो. पिण्याचं पाणी गंगावेशीच्या कुंभार गल्लीतून आणलेल्या माठात, त्यामुळं पोरं दर पाच मिनिटांनी फ्रीजचं दार उघडत नाहीत. रविवारच्या मटणाचं मात्र कठीण. तांबडा-पांढरा चढला की दोन तास शेगडी पेटलेली, आणि मटण सकाळी सातला शिजवून ठेवा म्हटलं तर या गावात कुणी ऐकणार नाही. उन्हाळ्यापुरती शेगडी खाली दिरांच्या परड्यात जाते, दोन्ही घरांचा रस्सा एकत्रच होतो. वीज किती वाचते माहीत नाही, जाऊबाईंचा पांढरा रस्सा माझ्यापेक्षा चांगला असतो.

आता घरात सोलरचा विषय चालू आहे. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चारेक युनिट धरले तर आमचं दोनवर भागतं. शिवाय पॅनेलखाली स्लॅबला सावली मिळेल, म्हणजे तेवढ्या भागाला चुना नको, हा नवऱ्याचा मुद्दा. तो कागदावर गच्ची आखून बसला होता. आत्या चष्मा लावून शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या काचा मांडल्यावर माझं सांडगं-पापड कुठं वाळवायचं, ते आधी सांग." मग दक्षिणेकडची बाजू पॅनेलला आणि उत्तरेकडची वाळवणाला, अशी वाटणी ठरली. पाण्याच्या टाकीची सावली कुणाच्या वाट्याला जाणार, यावर दोघांचं अजून अडलंय. टाकी हलवायचा खर्च मी विचारून ठेवलाय.